किल्ल्यात धनी, किल्ल्याबाहेर कुळ: तरंगंबाडीच्या डॅनिश गव्हर्नरचे काम

प्रश्न असा आला आहे: मायदेशाहून मदत यायलाच वर्ष-दीड वर्ष लागावे इतक्या दूरच्या व्यापारी वसाहतीत गव्हर्नर म्हणजे नेमका कोण असे? तो छोटा राजाच होता, की कंपनीचा मोठ्या पगाराचा कारकून? प्रश्नकर्त्याने तंजावरच्या मराठी राजांशी त्याचे नाते कसे होते, हेही विचारले आहे. तंजावरच्या मोडी कागदांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून मी उत्तरासाठी कोरोमंडल किनाऱ्यावरची तरंगंबाडी घेतो. युरोपीय कागदांत ती ‘ट्रँकेबार’ या नावाने येते आणि 1620 पासून 1845 पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, ती डेन्मार्कच्या ताब्यात होती. उत्तर एका वाक्यात सांगायचे तर हा माणूस किल्ल्याच्या आत धनी होता आणि किल्ल्याच्या बाहेर तंजावरच्या राजाचे कूळ होता. ही दोन्ही नाती एकाच वेळी सांभाळणे हेच त्याचे खरे काम होते आणि ज्याला ते जमले नाही त्याची वसाहत धोक्यात आली.

या नात्याची सुरुवातच तशी झाली. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा ख्रिश्चन याने 1616 मध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांनी ओवे गेड्डे या अवघ्या 23 वर्षांच्या सरदाराच्या हाताखाली जहाजे पूर्वेकडे धाडली. त्यांचे लक्ष्य सिंहलद्वीप होते, पण तिथे डाळ शिजली नाही. तंजावरचा मार्ग खुला केला तो रोलँड क्रापे या दुसऱ्याच माणसाने. पुढे पाठवलेले त्याचे जहाज पोर्तुगिजांनी कारैकालजवळ बुडवले, तो मोजक्या माणसांसह किनाऱ्याला लागला आणि तंजावरचा तेव्हाचा राजा रघुनाथ नायक याच्या दरबारात पोचला. नोव्हेंबर 1620 मध्ये नायकाने दरसालच्या ठराविक रकमेवर तरंगंबाडी हे गाव डेन लोकांना दिले आणि किल्ला बांधण्याची परवानगी दिली. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठवलेले पत्र आजही कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे; मजकूर तमिळ आणि खालची सही तेलुगू. गेड्डे लगेचच परत गेला. मागे राहिला तो क्रापे, आणि दरबाराची भाषा, रीतभात, माणसे त्यालाच ठाऊक असल्यामुळे वसाहत खऱ्या अर्थाने त्यानेच उभी केली. म्हणजे राजाच्या सनदेवर नाव एकाचे आणि प्रत्यक्ष हातात सूत्रे दुसऱ्याच्या, हा प्रकार पहिल्याच दिवसापासूनचा आहे.

अंतराचा हिशेब आधी नीट समजून घेतला पाहिजे, कारण गव्हर्नरच्या वागण्यातल्या निम्म्या गोष्टी त्यातून उलगडतात. केप ऑफ गुड होपला वळसा घालून कोपनहेगनहून तरंगंबाडीला यायला सात ते दहा महिने लागत. पत्र जाऊन त्याचे उत्तर परत यायचे तर सगळे सुरळीत घडूनही दीड-दोन वर्षे सहज जात. त्यातून हा किनारा आडोशाचा नाही. मोठे जहाज धक्क्याला लागेल असे बंदर इथे नव्हते. जहाजे समुद्रातच नांगर टाकत आणि माणसे, पेट्या, तांबे, कापडाचे गठ्ठे सारे काही मसुला होड्यांतून लाटा फोडत आणावे-न्यावे लागे. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत, त्यामुळे वाळूवर आपटल्या तरी त्या फुटण्याऐवजी लवत. त्या चालवणारे कोळी स्थानिक होते. ज्या गव्हर्नरच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, त्याच्या घरचे पत्रसुद्धा या कोळ्यांनी होडी लोटल्याशिवाय त्याच्या हातात पडत नसे. ऑक्टोबरपासून ईशान्येचा मोसमी वारा सुरू झाला की या किनाऱ्यावर नांगरून राहणे जिवावरचे असे, म्हणून माल त्याआधी तयार हवा. तयार नसला तर जहाज अडकून पडे आणि वर्षभराचा हिशेब बिघडे.

तरंगंबाडीचा हा डान्सबोर्ग किल्ला आजही उभा आहे आणि तो पाहिला की गव्हर्नरच्या कामाची मांडणीच डोळ्यांपुढे येते. खालच्या मजल्यावर जाड भिंतींच्या, कमानी छताच्या खोल्या आहेत. तिथे मालाची कोठारे, दारूगोळा आणि कैदखाना होता. वरच्या मजल्यावर गव्हर्नर, मोठे व्यापारी आणि पाद्री राहत. कापडाचे गठ्ठे आणि कैदी पायाखाली, समोर समुद्र आणि पाठीशी तंजावरचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर किल्ल्यासमोरच्या ऐसपैस बंगल्यात राहायला गेला. तो बंगलाही आता दुरुस्त करून उभा केलेला आहे. पण पहिली दीडशे-पावणेदोनशे वर्षे तो अक्षरशः वखारीच्या डोक्यावर राहत होता.

त्याचे रोजचे काम प्रामुख्याने कापडाचे होते. सुती कापड स्थानिक व्यापाऱ्यांमार्फत विणकरांना आगाऊ रक्कम देऊन विणून घ्यायचे, नमुन्याशी ताडून पाहायचे, नापास माल परत करायचा, भावाची घासाघीस करायची. या सगळ्यात दुभाषी हा गव्हर्नरचा कान आणि तोंड असे, त्यामुळे दुभाषी कोणत्या व्यापाऱ्याच्या घरातला, हा प्रश्न राजकारणाइतकाच महत्त्वाचा होता. विणकरांवर जबरदस्ती करून भागत नसे. जाच झाला की ते हातमाग उचलून शेजारच्या मुलखात जात, आणि शेजार तर दाटीचा होता: दक्षिणेला नागपट्टणम 1658 पासून वलंदेजांचे, म्हणजे डचांचे, कारैकाल 1739 पासून फ्रेंचांचे. म्हणून तरंगंबाडीच्या गव्हर्नरला कर वाढवताना, जकात बसवताना, एखाद्या व्यापाऱ्याला अटक करताना दहादा विचार करावा लागे. पगार बेताचा आणि स्वतःच्या खासगी व्यापाराला मुभा, त्यामुळे कंपनीचा माल आणि गव्हर्नरचा माल एकाच गलबतात शेजारी शेजारी असत. कंपनी बुडाली आणि गव्हर्नर श्रीमंत झाला, अशी उदाहरणे साऱ्या युरोपीय कंपन्यांत सापडतात. त्यामागे केवळ माणसांचा लोभ नव्हता, तो व्यवस्थेतच पेरलेला होता, असे माझे मत आहे.

आता जे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते ते सांगतो. क्रापेनंतर 1636 मध्ये बेर्न्ट पेसार्ट गव्हर्नर झाला आणि त्याने कर्जाचे डोंगर केले. त्याच्या जागी नेमलेला विलेम लेयेल 1639 मध्ये डेन्मार्कहून निघाला. वाटेत कॅनरी बेटांवर जहाज अडकले आणि तो 1643 मध्ये पोचला. चार वर्षांनी हाती आलेली नेमणूक घेऊन तो किनाऱ्यावर उतरला, तर पेसार्ट किल्ला सोडायला तयार नाही. राजाच्या शिक्क्याचा कागद लेयेलजवळ होता, पण दरवाजाची किल्ली पेसार्टकडे होती. अखेर 1644 मध्ये डेन माणसानेच डेन किल्ल्याला वेढा घालून तो घेतला. लेयेलने नंतर हिशेब लावले, व्यापार सावरला, बंगालच्या मोगल जहाजांवर छापे घालून पैसा उभा केला, आणि 1648 मध्ये त्याच्याच माणसांनी बंड करून त्याला काढले. त्याची कागदपत्रे डेन्मार्कमध्ये आहेत. ती नसती तर त्या वर्षांविषयी आपल्याला फार थोडे कळले असते, कारण मायदेशाला तेव्हा या वसाहतीची आठवणच राहिली नव्हती. युरोपातल्या युद्धांनी डेन्मार्क खिळखिळा झाला होता आणि 1650 मध्ये कंपनीच गुंडाळली गेली.

किल्ला मात्र राहिला. बंडवाल्यांपैकी एकेक जण मेला किंवा निघून गेला आणि 1655 मध्ये एस्किल अँडरसन काँग्सबाके या साध्या नोकराच्या हाती सारे आले. अखेरीस डेन असा तो एकटाच उरला. शिबंदी म्हणजे पोर्तुगीज-भारतीय मिश्र वंशाचे सैनिक आणि स्थानिक लोक. कंपनी नाही, पगार नाही, हुकूम नाही, नेमणुकीचा कागदही नाही. तंजावरच्या नायकाची बाकी थकत गेली, त्याच्या फौजा वेढे घालत राहिल्या आणि काँग्सबाकेने गावाभोवती तट उभारून गाव राखले. तो परक्या जहाजांमधून कोपनहेगनला पत्रे लिहीत राहिला. 1639 मध्ये निघालेल्या त्या जहाजानंतरचे पुढचे डॅनिश जहाज तरंगंबाडीसमोर नांगरले ते थेट मे 1669 मध्ये; त्याचे नाव ‘फेरो’. त्यातून माणसे आली, पैसा आला आणि काँग्सबाकेला गव्हर्नर म्हणून मान्यताही आली. चौदा वर्षे जे काम तो करत होता त्यावर तेव्हा शिक्का बसला.

या माणसाविषयी मला आदर वाटतो, हे मी लपवत नाही. पण त्याच्याकडे पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये, की त्याने तगण्यासाठी बंगालची व्यापारी जहाजे लुटली आणि त्या लुटीची झळ भारतीय व्यापाऱ्यांना बसली. शिवाय किनाऱ्यावर दुष्काळ पडला की पोटासाठी विकली गेलेली माणसे युरोपीय गलबतांत भरून पूर्वेकडच्या बंदरांत नेली जात. सतराव्या शतकात तरंगंबाडीच्या डेन लोकांनीही हा व्यापार केला. ज्या गव्हर्नरच्या वहीत कापडाच्या गठ्ठ्यांची नोंद आहे, त्याच हाताने माणसांचीही नोंद झाली आहे. त्याच्या कामाचे वर्णन करताना ही ओळ गाळणे अप्रामाणिक ठरेल.

यानंतर मराठ्यांचा संबंध येतो. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतले आणि नायकांच्या जागी भोसले आले. डेन लोकांच्या दृष्टीने धनी बदलला, करार तोच राहिला: गाव राजाचे, दरसालची रक्कम राजाची, सणासमारंभाला, राज्यारोहणाला नजराणा वेगळा. रक्कम वेळेवर गेली की माल सुखरूप येई-जाई. थकली किंवा वाद झाला की वाटा बंद होत, धान्य अडे आणि शेवटी फौज येई. व्यंकोजींचे पुत्र शाहूजीराजे यांच्या काळात, 1699 च्या सुमारास तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला, तेव्हा मद्रासच्या इंग्रजांनी मदत पाठवल्यामुळे किल्ला वाचला. एरवी व्यापारात एकमेकांचे गळे धरणारे टोपीकर, म्हणजे युरोपीय, देशी राजासमोर एक होतात, हे त्या वेढ्यात तंजावरला दिसले.

इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात नेमकी हीच जाण आहे. त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांच्याबरोबर ‘डिंगमार’ येतात. डिंगमार म्हणजे डेन. हे टोपीकर सावकारी करतात खरे, पण इतर सावकारांसारखे ते नव्हेत, त्यांचे धनी राज्यकर्ते आहेत. त्यांना वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीकाठी किंवा समुद्रतीरी देऊ नये, कारण हाती आलेली जागा ते मेल्याशिवाय सोडायचे नाहीत, असा त्याचा आशय आहे. अमात्यांनी हे लिहिले तेव्हा तरंगंबाडीचा किल्ला समुद्रतीरी उभा राहून शंभरेक वर्षे होत आली होती आणि काँग्सबाकेने ती जागा कशी धरून ठेवली होती, हे वर आलेच आहे. गव्हर्नर म्हणजे काय, याचे इतके अचूक वर्णन मला डॅनिश कागदांतही आढळले नाही. व्यापाऱ्याच्या वेषातला राज्यकर्ता ही त्याची बाजू अमात्यांना स्वच्छ दिसली होती. तंजावरला मात्र दुसरीही बाजू दिसत होती, ती म्हणजे दरसाल नजराणा घेऊन दारात येणारे कूळ. तंजावरची मोडी कागदपत्रे कोपनहेगनच्या संग्रहांतही आहेत. तंजावरी मराठी वाचू शकणाऱ्या अभ्यासकाने ती जरूर पाहावीत, कारण डॅनिश अहवालांत जो स्वतःला राजाचा प्रतिनिधी म्हणवतो, त्याच्याशी दरबार कोणत्या पायरीवरून बोलत होता, हे मराठी कागदांच्या मायन्यावरून कळते. मायना वाचल्याशिवाय मजकुराकडे वळू नये, ही सवय मोडी वाचणाऱ्याने लावून घेतलीच पाहिजे.

गव्हर्नरच्या घरचे धनीही एक नव्हते. 1650 मध्ये गुंडाळलेली कंपनी पुढे नव्याने उभी राहिली होती; राजा आणि ही कंपनी यांची मते जुळली नाहीत तर सगळा भार त्याच्यावर येई. 9 जुलै 1706 रोजी त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाव हे दोन जर्मन धर्मोपदेशक तरंगंबाडीत उतरले ते राजा चौथा फ्रेडरिक याच्या आज्ञेने. कंपनीला मात्र धर्मप्रचार नको होता. त्याने व्यापार बिघडेल, दरबार रुसेल, गावातले कॅथलिक आणि हिंदू दोघेही बिथरतील, अशी तिला भीती होती. गव्हर्नर हासियस कंपनीचा माणूस. एका गरीब तमिळ विधवेच्या कर्जाच्या वादात त्सीगेनबाल्ग मध्ये पडला, बोलाचाली वाढली आणि 1708 च्या अखेरीस हासियसने राजाच्या माणसाला किल्ल्यात कोंडले. चार महिने तो आत होता. पुढे याच त्सीगेनबाल्गच्या मंडळींनी इथे छापखाना घातला आणि बायबलमधला ‘नवा करार’ तमिळमध्ये छापला, त्यामुळे इतिहासात हासियस खलनायक ठरला. मी त्याला इतक्या सहज दोषी धरणार नाही. राजाची आज्ञा एका जहाजातून यायची, कंपनीची दुसऱ्यातून. दोन्हींवर खुलासा मागवायचा तर दोन वर्षे थांबायचे आणि तोवर गावात दंगा झाला तर त्याला तोंड द्यायला शेजारी कोणी नाही. त्याने कैदेचा मार्ग घेतला तो चुकीचा होता, पण पेच खराच होता.

न्यायदानाविषयी थोडक्यात सांगतो. गव्हर्नर एकट्याने निकाल देत नसे. त्याच्यासोबत मंडळ असे आणि युरोपीय लोकांना डॅनिश कायदा लागू होई. तमिळ रहिवाशांसाठी वेगळे न्यायालय होते, जिथे तिथल्या रिवाजाने निवाडा होई. सर्वांत अवघड वाद येत ते ‘उजव्या हाताच्या’ आणि ‘डाव्या हाताच्या’ अशा, तिथल्या जातींच्या दोन प्रतिस्पर्धी गटांचे: कोणाची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, कोणी कोणते मानचिन्ह मिरवावे. यात एका बाजूला कौल दिला की दुसऱ्या बाजूचे विणकर, कोळी किंवा व्यापारी काम थांबवत, म्हणून गव्हर्नरचा निवाडा पुष्कळदा मध्यस्थीच्याच रूपात दिसतो.

कारभार 1777 मध्ये कंपनीकडून राजाकडे गेला. गव्हर्नर तेव्हापासून सरकारी अधिकारी झाला आणि काही काळ त्याचे दिवस चांगले गेले, कारण इंग्रज आणि फ्रेंच लढत असताना तटस्थ डॅनिश निशाण फार मोलाचे होते. मद्रासच्या इंग्रज नोकरांनी साठवलेला पैसाही डॅनिश जहाजांमधून युरोपात जात होता. या काळातला नाव घेण्यासारखा गव्हर्नर म्हणजे पीटर आंकर, मूळचा नॉर्वेचा, 1788 ते 1806 इतका काळ तो इथे होता. गावाच्या वेशीवरचा दरवाजा त्याच्याच काळातला. त्यावर 1792 हे साल अजून वाचता येते. तो चित्रे काढी आणि त्याने जमवलेल्या वस्तू व चित्रे आज ऑस्लोत आहेत. पण त्याच्याच कारकिर्दीत बाहेरचा धनी नाहीसा झाला. सरफोजीराजांशी 1799 मध्ये झालेल्या तहाने तंजावरचा मुलुखी कारभार इंग्रजांकडे गेला. ज्या दरबाराशी बोलून, नजराणा देऊन, कधी रुसून कधी मनवून 180 वर्षे निभावले होते, त्या दरबाराकडे आता फौजच राहिली नाही. सभोवार एकच सत्ता उरली आणि तिच्याशी घासाघीस करण्याजोगे गव्हर्नरच्या हातात काही नव्हते. युरोपात इंग्रज आणि डेन्मार्क यांचे बिनसले, तशी मे 1801 मध्ये इंग्रजांची फौज तरंगंबाडीच्या दारात आली आणि आंकरने गाव स्वाधीन केले. ते 1802 मध्ये परत मिळाले, 1808 मध्ये पुन्हा गेले आणि 1815 मध्ये परत आले.

त्यानंतरची तीस वर्षे गव्हर्नर होता, बंगला होता, निशाण होते, पण कापडाचा व्यापार उरला नव्हता. यंत्रावरचे विलायती कापड उलट दिशेने येऊ लागले होते. पीटर हान्सेन हा शेवटचा गव्हर्नर. 1845 मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधले श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विकले, आणि रघुनाथ नायकाने दरसालच्या रकमेवर दिलेले गाव, ज्यांना ते राहायला दिले होते त्यांनी, परस्पर तिसऱ्याला विकून टाकले.